कुंदनचा रोट

कानबाई देवीच्या नारळाला ओवाळून पुष्पाबाई निरांजन खाली ठेवतात न ठेवतात, तोच धाकटा दीर सुकलाल दारात रिक्षा टाकून आत आला.

"वहिनी, जेल फोडी! जीपमा बंदुका लई उनात, त्यासना टोळीना दादाले सोडाई ग्यात. मांगे बठ्ठा कैदी पयनात."

"आपला कुंदन?"

"मालूम नही, वहिनी."

यंत्रमागाच्या कारखान्यातल्या मारामारीत त्यांचा मुलगा कुंदन नाहक अडकला होता. गुरुवारी निकाल, सुटतोच, असं वकील म्हणाला होता. पळाला असेल तर मात्र जन्माचा फरारी. "माय, त्याले जागावर ठेव," पुष्पाबाईंनी देवीला हात जोडले.

घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू घेऊन कानबाईचे रोट करायचे, घरच्यांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. कुंदनच्या नावाची मूठही त्यांनी घेतली होती.

दिवस कलला. डिंडोलीच्या वस्तीतली दारं एकेक करून लागली. शेजारच्या घरातलं कानबाईचं गाणं मध्येच तुटलं. हायवेकडून पोलिसांच्या गाडीचा सायरन कण्हत गेला.

मागच्या दाराची कडी वाजली. कुंदन! अनवाणी, बाही फाटलेली.

"मी पयनू नही, माय. बंदूक दखाडीसन भायेर काढं. मंग... तूच म्हने ना, तुना रोट ठेवस म्हनीसन."

पुष्पाबाईंना आठवलं, भेटीला गेल्यावर जाळीतून आपणच तसं बोललो होतो.

"उधना टेसनथून गाडी शे," सुकलाल कुजबुजला. "नंदुरबारले काढी देतस याले."

"नही. रोट खाई ले, बेटा. मंग जेलमा चाल."

"दखताच गोळी घालतीन, वहिनी!"

"मी पुढे चालसू."

कुंदननं अर्धा रोट कसाबसा गिळला. उरलेला हातात घेऊन तो उठला, तेव्हा पुष्पाबाईंनी तो हळूच काढून घेऊन डब्यात ठेवला.

जेलच्या फाटकासमोर पोलिसांच्या बंदुका त्यांच्याकडे वळल्या. पुष्पाबाई रिक्षातून उतरल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून कुंदनच्या पुढं चालू लागल्या. "मेरा बच्चा है, साब! खुद आया है!" त्या थांबल्या नाहीत. शिपायांनी कुंदनला आत ओढलं आणि फाटक बंद झालं.

गुरुवारी निकाल लागला नाही. पळाल्याचाही खटला होणार, वकील म्हणाला.

पुनव उद्यावर आली. रोट त्याआधी संपायलाच हवा, अशी रीत.

"वहिनी, तू खाई ले," सुकलाल म्हणाला.

पुष्पाबाईंनी डब्याचं झाकण काढलं. अर्ध्या रोटाच्या कडेला कुंदनच्या दातांची खूण होती. त्यांनी तो फिरवून घेतला आणि दुसऱ्या बाजूनं पहिला घास मोडला.