चावीला लागलेला हात

बाईंनी पाठीवर घ्यायची हवेची टाकी तपासली, की तिच्या चावीला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, हा होडीवरचा पहिला नियम होता. लावलाच, तर सांगायचं आणि टाकी पुन्हा तपासून घ्यायची.

बुडी मारायला शिकवणाऱ्या बाई पुढच्या टाकीकडे वळल्या आणि दाजींनी आपल्या टाकीची चावी पकडली. "आपली खात्री आपण केलेली बरी," म्हणत ती घट्ट होईपर्यंत फिरवली, मग सवयीने जराशी मागे घेतली.

मेहुणीने ते पाहिलं. आज ती त्यांची जोडीदार होती आणि ही तिच्या परीक्षेची शेवटची बुडी होती. पण चावी फिरवली कोणत्या बाजूला?

"दाजी, बाईंना सांगू या का?"

"पंधरा बुड्या मारल्यात मी, मेहुणीबाई. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी पोहत होतो."

"जाऊ दे गं," ताई म्हणाली, "सुट्टीत तरी त्यांचे कान धरू नकोस."

सगळे हसले. तीही हसली आणि गप्प बसली.

वर सगळं ठीक होतं. पण अठरा मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. तिथे पोचल्यावर दाजींनी खडकातला मासा दाखवायला हात उचलला, तो तसाच राहिला. त्यांचे डोळे मोठे झाले. तिने त्यांच्या हवेच्या मापकातल्या काट्याकडे पाहिलं. श्वास ओढला की काटा खाली पडत होता, थांबला की वर येत होता. टाकीत हवा भरपूर होती, वाट मात्र सुईएवढी.

दाजींनी वर पाहिलं आणि पाय झाडले.

श्वास रोखून असे वर गेले, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटेल. तिने त्यांच्या जाकिटाचा पट्टा पकडला. त्यांनी तिच्या तोंडातली नळी हिसकायला हात घातला. 'आधी हवा द्या, मग धीर द्या,' बाईंनी सरावाच्या तलावात वीस वेळा घोकून घेतलं होतं. तिने आपली जादा पिवळी नळी त्यांच्या तोंडाला लावली. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला त्यांची बोटं सैल पडली.

तेवढ्यात बाई आल्या, दाजींच्या पाठीमागे हात घालून चावी पूर्ण उघडली आणि वर जायची खूण केली. तरीही दाजींनी पिवळी नळी सोडली नाही. अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून पाच मीटर खोलीवर तिघांना तीन मिनिटं थांबायचं होतं. तिच्या मनगटावर दाजींची पकड एवढी घट्ट होती, की तिची बोटं बधिर झाली.

होडीवर दाजी ओठ पुसत म्हणाले, "टाकीच खराब होती."

"चावी जेमतेम पाव फेरा उघडी होती," बाई म्हणाल्या. "मी पूर्ण उघडली होती. हात कुणी लावला?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. दाजी तळव्यावरचं मीठ खरवडत राहिले.

"दाजींनी," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं. बोलले नाही."

"खाली तू चुकली नाहीस. वर चुकलीस," बाई म्हणाल्या. "परीक्षा उद्या पुन्हा."

मग दाजी उठले आणि टाकी उचलून बाईंच्या पायाशी ठेवली.

"उद्या हिचा जोडीदार मीच," ते म्हणाले. "पण आधी मला पहिल्यापासून शिकवा."

"मग उद्या तुम्ही तलावात," बाई म्हणाल्या. "तिला दुसरा जोडीदार मिळेल."