देव वस्तीला

उंबरमाळ ही वाडी डोंगरमाथ्यावर, महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या शिवेवर. कागदोपत्री महाडची. गोदूबाईची सून रंजिता पहिल्या खेपेला अडली, तेव्हा दवाखान्याची गाडी महाडहून वळसा घालून आली आणि तोवर मूल गेलं. पोलादपूर तर अंगणातून दिसतं! याला कारभार म्हणायचा?

रंजिताला पुन्हा दिवस गेले आणि त्याच सुमारास सरकारनं वाडीला विचारलं, पोलादपूर तालुक्यात जाता का? समजवायला तहसीलमधल्या वल्लरीताई आल्या. फ्रान्स देशात म्हणे जिल्हे आखले ते असे, की खेड्यातला माणूस घोड्यावरून एका दिवसात जिल्ह्याच्या गावी पोचावा. गावकी हसली. घोडा कुणाचा, इथपर्यंत चौकशी झाली.

गोदूबाई मात्र हसली नाही. वाडी महाडकडच्या खालच्या गावात मोडायची. शिमग्याला तिथून देवाची पालखी वाडीवर यायची आणि दिवेलागणीच्या आत देवळात परतायची. तिच्या नवऱ्यानं, हरिबानं, जन्मभर ती खांद्यावर वाहिली. पालखी आपल्या गावाबाहेर जात नाही. आपण पोलादपूरचे झालो तर देव डोंगर चढेल का? तिनं गावकीला विचारलं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी गावकीत घरटी एक हात वर करायचा होता. गोदूबाईनं पोलादपूरसाठी केला.

"देव पायी येतो, बाळंतीण गाडीनं जाते," ती म्हणाली. "मी गाडीचं बघते. देवानं रागवायचं तर माज्यावर रागवावं."

वाडी पोलादपूरची झाली. गाडी वेळेवर आली, रंजिताला मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी परतल्या.

मग शिमगा आला. गोदूबाईनं अंगण सारवलं, ओटीचं ताट भरून ठेवलं आणि नातीला मांडीवर घेऊन बसली. दुपार गेली, उन्हं उतरली. एव्हाना पालखी परतायला हवी होती, ती अजून आलीच नव्हती. आपल्या हातानं देव तोडला, असं वाटून तिला रडू फुटलं. रंजिता शेजारी येऊन बसली.

दिवे लागायच्या वेळेला चढणीवर ढोल वाजला. घामाघूम झालेल्या रामानं, खालच्या गावच्या मानकऱ्यानं, पालखी तिच्या अंगणात टेकवली.

"उशीर केलात रे," गोदूबाई कशीबशी म्हणाली. "आता दिवेलागणीच्या आत कसे जाल?"

"जायचंय कुणाला?" रामा म्हणाला. "देवाचा कौल घेतला गो आम्ही. तुम्ही आता परगावचे, देव तुमच्याकडे पाहुणा. पाहुणा काय उभ्या उभ्या जातो? आज वस्तीला हाय."

गोदूबाईनं डोळे पुसले, नातीला रंजिताकडे दिलं आणि देवासाठी माजघर झाडायला उठली.