एकच तेल ओतायचा हुकूम

बंदराच्या साहेबांनो, आमच्या बोटीचं धडधाकट इंजिन तुम्ही मेलं म्हणून जाहीर केलंत! तपासनीस म्हणाला, "भंगारात काढा," आणि दादाची फेरी बंद झाली. इंजिन गुरगुरायचं, पण बोट जागची हलायची नाही, एवढं खरं.

वहिनीचं गॅरेज आहे. तिनं गिअरबॉक्सचं तेल काढलं. लाल हवं ते पिवळंधमक निघालं.

"अहो, हे तर इंजिनचं तेल! कुणाचं डोकं हे?"

"बंदर ऑफिसचा हुकूम. भारीतलं सिंथेटिक तेल, इंजिनात नि गिअरबॉक्समध्ये दोन्हीकडे तेच," दादा म्हणाला.

"अत्तर भारी म्हणून भाजीत ओताल? इंजिनात घसरण हवी, इथे क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायला हवं, तरच पंखा फिरतो!"

तिनं गिअरबॉक्सचं वेगळं सिंथेटिक भरलं. तपासनिसाला बोटीवर उभं करून दादानं गिअर टाकला. बोट अशी उसळली, की तपासनिसानं बसकणच मारली. धक्क्यावर शिट्ट्याच शिट्ट्या!

"भाऊजी, आता तुम्ही बोला," वहिनी मला म्हणाली.

बोलतो. आमची फेरी दणक्यात सुरू झाली. पण तुमचा हुकूम अजून भिंतीवर तसाच आहे. तो आज फाडणार, की बाकीच्या बोटीही भंगारात घालणार? उत्तर द्या!