मागचा माणूस

…लुकलुकला पुन्हा. जेवणाच्या डब्याएवढी ती पिवळी डबी, गार्डच्या डब्याच्या पाठीला कपलिंगच्या आकड्यावर अडकवलेली, आणि तिच्यावरचा तो लाल दिवा सकाळपासून डोळा मारल्यासारखा लुकलुकतोय मेला! आनंदराजनं कठड्यावरून वाकून तिच्याकडे परत पाहिलं, आणि परत पाहिलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. नजर ठेवायची होती गाडीवर. तो बघत होता डबीकडे.

"काका, आज तुम्ही नुसतं बसायचं," मुदखेडच्या फलाटावर तो तरुण अधिकारी म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता, चहा पाजून म्हणाला. "गाडी अखंड आहे की नाही, ते ही डबी ड्रायव्हरला इंजिनात कळवणार. तुम्ही वॉकीटॉकीवर कळवायचं. किनवटपर्यंत दोघांचं जुळलं, की पुढच्या महिन्यापासून या लाईनीवर मालगाडीला गार्ड नाही. नोकरी जात नाही हो तुमची! बसवतील कुठंतरी ऑफिसात." बसवतील कुठंतरी… गणपती आहे का मी? म्हणजे आपली गरज नाही ही साक्ष आपणच द्यायची, वर चहा गोड होता म्हणायचं. आणि आनंदराज म्हणालाही होता तसं.

खरं तर या डब्यासाठी रडावं असं त्यात काही नव्हतं. पंखा नाही, संडास नाही, फेब्रुवारीतच पत्रा असा तापतो की भाकरी टाकली तर फुगेल. पाठीचे मणके यानंच खाल्ले. बायको तर कालच म्हणाली, सुटलात एकदाचे. सुटलो… पण सुटून जायचं कुठं? सगळं जग पुढं तोंड करून चालतं, आणि मी आयुष्यभर मागं तोंड करून बसलो—गेलेले रूळ, गेलेली गावं, गाडी गेल्यावर फाटकातून निघणाऱ्या बैलगाड्या बघत. येणारं काही मला कधी दिसलंच नाही. हेही नाही दिसलं.

नोकरीची ऑर्डर आली तेव्हा आई, धुरपताबाई, जात्यापाशी बसली होती. "इंजनात न्हाईस व्हय? मंग मागं बसून करतूस काय?" तो म्हणाला, "गाडी समदी नीट येऊन राहिली का, ते बघायचं." त्यावर ती बोलली ते त्याच्या अंगावर अजून तसंच आहे—"म्हंजे राखणच की रं. तुझ्या आज्यानं गावाची राखण केली, रातरात वेशीत बसून, अन् सकाळी दारोदार भाकर मागितली. तू पगार घेऊन कर." आणि मग सगळ्या वस्तीत सांगत सुटली, आमच्या आनंदनं हिरवं दाखवल्याबगर सरकारची गाडी हालत न्हाई! त्यात खोटं काही नव्हतं. हलत नव्हतीच.

"साहेब, मागं बरोबर हाय का?" वॉकीटॉकीत सुदर्शनचा आवाज. ड्रायव्हर नांदेडचाच, पोरगा मोठा मायाळू.

"बरोबर."

"डबी बी तेच म्हणून राहिली," तो हसला. हसण्यात काही नव्हतं, पण भोकर गेलं तेव्हा जुळलं, हिमायतनगर गेलं तेव्हा जुळलं, आणि प्रत्येक 'बरोबर' म्हणताना आनंदराजला वाटत होतं, आपणच आपल्या पायाखालची एकेक फळी काढून देतोय. काही व्हावं… मोठं नको, देवाशपथ मोठं नको—देव मानत नाही मी, तरी—एखादी कडी सुटावी, काहीतरी लोंबताना दिसावं, कुणाला खरचटूसुद्धा नये, पण या डबीला कळू नये आणि मला कळावं. छे! हा काय विचार? राखणदारानंच चोराची वाट बघायची? त्यानं तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. विचार गेला नाही.

आणि मग वळण आलं, सगळी गाडी धनुष्यासारखी वाकून डोळ्यांसमोर आली, आणि मधल्या डब्यांच्या चाकांपाशी, खाली, निळसर, बारीक—

धूर!

एक्सल तापला. चाकांचा आस असा जळला की डबा रुळांवरून उतरतो. डबीला धूर दिसत नाही. डबीला डोळे नाहीत! "सुदर्शन, थांबव! मधल्या डब्याला धूर आहे, एक्सल तापलाय, थांबव गाडी!"

गाडी कण्हत थांबली. तो उतरला, गुडघ्याची पर्वा न करता खडीवरून पळत सुटला, आणि त्या डब्याशी पोचल्यावर एक्सलजवळ हाताची पाठ नेली. मग हात टेकवलाच. कोमट. उन्हानं लोखंड तापतं तेवढंच. पुढचा, त्याच्या पुढचा, मागचा… सगळे कोमट. तो गुडघ्यांवर बसला आणि चाकांमधून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या शेतात एक माणूस कापसाच्या पऱ्हाट्या पेटवत होता, आणि वाऱ्यानं तो धूर सरपटत डब्यांखाली येत होता.

"काय झालं हो?" त्या माणसानं ओरडून विचारलं. "गाडी बिघडली का?"

"न्हाई," आनंदराज म्हणाला. "गाडीला काई झालं न्हाई."

परत चढायला त्याला दम लागला. सगळं ऐकून सुदर्शन वॉकीटॉकीवर म्हणाला, "असू द्या साहेब. काळजीनं दिसतं माणसाला." काळजीनं? लेकरा, काळजीनं दिसलं असतं तर हात कोमट लागल्यावर हायसं वाटलं असतं मला. मला काय वाटलं? मी खट्टू झालो. भरलेली गाडी धडधाकट उभी होती आणि मी, तिचा राखणदार, खट्टू झालो. आणि वास? तापलेल्या एक्सलचा वास काय मला ठाऊक नाही? उतरलो तेव्हाच पऱ्हाटीचा वास आला होता. नाक सांगत होतं, मी ऐकलं नाही. मला धूर हवा होता. की खरंच वाटलं होतं तसं?… कुणाला विचारू? साक्षीला मी एकटाच होतो, आणि माझाच भरवसा उरला नाही.

पुढं गुरम्माचं फाटक आलं. हिरवं निशाण घेऊन ती नेहमीसारखी उभी. गाडी डोळ्यांखालून गेली की ती ते गार्डला दाखवते, म्हणजे माझ्या बाजूनं सगळं ठीक, आणि गार्डनं आपलं दाखवायचं, माझ्याही. वर्षानुवर्षं त्याचा हात आपसूक उठत आला होता.

"बरं हाय का अण्णा?" ती ओरडली.

निशाण हातात होतं. हात उठला नाही. ती तशीच उभी राहिली, निशाण वर धरून, लहान होत गेली.

"साहेब, मागं बरोबर हाय का?"

आनंदराजनं गाडीवरून नजर फिरवली, पार इंजिनापर्यंत. काही लोंबत नव्हतं, धूर नव्हता, सगळं ठीक दिसत होतं. पण दिसण्याचं आता काय सांगावं… सुदर्शन परत विचारत होता. आनंदराज वळला, कठड्यावरून खाली वाकला, आणि काय उत्तर द्यायचं ते विचारायला, आज पहिल्यांदा, त्यानं डबीकडे पाहिलं. दिवा लुकलुकत होता.

"बरोबर," तो म्हणाला.