सातव्या खुणेवरचा पूल

खण्! भल्या सकाळी कप बशीवर जरा जोरातच टेकतो, घरातली शांतता मोडते आणि कपाटावर माझी झोप उडते. आजोबा उठले! बशी कुठे आहे हे त्यांना हाताने चाचपावं लागतं. आतून सूनबाई विचारते, "बाबा, सांडला का चहा?" आजोबांचं उत्तर ठरलेलं असतं, "छे गं! बशीच आज लवकर वर आली."

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. एका कारागिराच्या अंधाऱ्या खोलीत मी घडले. माझं मोठं भिंग तो एकवीस दिवस घासत होता. बायकोने जेवायला हाक मारली की म्हणायचा, "एक ओरखडा उरलाय." शेवटी ती ताट घेऊन तिथेच आली, भिंगातून त्याच्याकडे बघून म्हणाली, "अजून एक उरलाय. तुमच्या कपाळावर." तेव्हा कुठे तो हसला आणि मी पुरी झाले.

तिथून मी या डोंगरापायथ्याच्या शहरात आले. आजोबा तेव्हा मिशीला पीळ देणारे तरुण होते. गावाबाहेरच्या टेकडीवर, कठड्याशी, त्यांनी मला तिपाईवर बसवलं. खाली शहर, शहरामागे बर्फाचे डोंगर. तिपाईवरच्या पितळी चकतीवर त्यांनी खिळ्याने सात खुणा कोरल्या. बोटाने खूण चाचपायची, मला तिथवर फिरवायचं आणि पाहुण्याला म्हणायचं, "हं, आता बघा."

नुसतं दाखवून ते थांबत नसत. "मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या आहेत. साठाव्या पायरीवर खिडकी आहे, तिथे दम खाल्लात तर कोणी हसत नाही." तळं दाखवताना म्हणत, "लाल होडी घेऊ नका, ती नुसती गोल फिरते." लोकरीच्या बाजारात हातमोजे घालून बघायला सांगत, कारण तिथली दुकानदारीण विसरभोळी, दोन्ही डावेच बांधून द्यायची. शिखरं मात्र सकाळी नऊच्या आत. नंतर ती ढग पांघरून झोपतात.

आणि सातव्या खुणेवर नदीवरचा लाकडी पूल. तो नेहमी शेवटी. "चालत जा. मधोमध उभे राहा आणि एक पाय आपटा. सगळा पूल हुंकार देतो!" नवी नवरी असताना आजीने त्या पुलावर पाय आपटला होता, माहेरी जायचं म्हणून. पूल हुंकारला आणि ती रडता रडता हसली. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुलाचं सांगताना आजोबांचा आवाज अजून तरुण होतो.

एके काळी मला डोळा लावायला रांग लागायची, मित्रांनो. मग लोकांच्या खिशात कॅमेरे आले. आता पोरं माझ्याकडे पाठ करून माझ्यासोबत फोटो काढतात! त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आजोबांच्या डोळ्यांचं. हळूहळू त्यांना दिसेनासं झालं, आणि डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही. पण खुणा बोटांना पाठ होत्या आणि शहर तोंडपाठ. पाहुण्यांना पत्ताही लागत नसे.

मागच्या वर्षी नदीला मोठा पूर आला. आजोबा तेव्हा तापाने अंथरुणावर होते. पुरात पूल वाहून गेला. मुलगा म्हणाला, "बरे झाले की सांगू." आजोबा बरे झाले. मुलगा सुनेकडे बघे, सून मुलाकडे. सांगितलं कोणीच नाही. एका सकाळी आजोबांनी मला खांद्यावर घेतलं आणि थेट टेकडी गाठली.

सूनबाई धावतपळत मागे आली, कडेवर पाच वर्षांची लेक. ही लेक एका जागी ठरत नाही, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणतात. त्या दिवसापासून दोघी रोज येऊ लागल्या. आजोबांनी मला सातव्या खुणेवर फिरवलं की सूनबाई त्यांच्या मागे उभी राहून पाहुण्यांना हात जोडायची, ओठांवर बोट ठेवायची. माणसं भली. नदीत उभे दोन दगडी खांब बघून म्हणायची, "वा! काय पूल आहे!"

मला मात्र मान वर करवेना. माझ्या भिंगात कधी खोटं उतरलं नव्हतं.

एकदा काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. पुलाचं वर्णन ऐकून त्यांचे डोळे चमकले. सूनबाईने हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. पण बाईंची नजर आजोबांच्या तोंडावरच खिळली होती. डोळा लावायलाही त्या थांबल्या नाहीत. "प्रत्यक्षच बघते," म्हणाल्या. सूनबाई त्यांना थांबवायला दोन पावलं पुढे झाली, पण आजोबांसमोर बोलणार काय? ती परत फिरली.

ऊन कललं तेव्हा बाई परत आल्या. घामाघूम, लंगडत.

"अहो दुर्बीणवाले! दोन तास चालले मी. गुडघ्यांचा पत्ता लागला, पुलाचा नाही! एका म्हातारीची चेष्टा करता?"

"चेष्टा कशी करेन, बाई? तो काय, समोर..."

"समोर दोन दगड आहेत. पूल वर्षापूर्वीच गेला, सगळं गाव सांगतंय."

आजोबांनी वाकून माझ्या काचेला डोळा लावला. कितीतरी वर्षांनी. मी जीव तोडून सगळं स्पष्ट धरलं, पण त्यांच्या डोळ्यापर्यंत काही पोचेना. बाईंच्याही ते लक्षात आलं. त्या कठड्यावर बसल्या.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"हो, बाबा." सूनबाई म्हणाली. "तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मला दुखवायचं नव्हतं, म्हणून यांचे गुडघे दुखवले होय? आणि असे किती जण गेले असतील, पोरी?" मग ते बाजूला सरले. "ये इकडे. लाव डोळा. काय आहे ते सांग. गोड करून नको."

तिने डोळे पुसले आणि माझ्यातून बघितलं. "दोन खांब आहेत. अलीकडच्यावर एक पाणकावळा बसलाय, पंख पसरून वाळवतोय. पलीकडच्यावर गवत उगवलंय. मधे नुसतं पाणी आहे, बाबा."

"पाणी कसं आहे?"

"हिरवं. वेगात चाललंय."

"पाणकावळा," कठड्यावरून बाई म्हणाल्या. "तो मीही बघितला. चांगला ऐटबाज होता."

तेव्हापासून सूनबाई बघते आणि आजोबा सांगतात. सातव्या खुणेवर ते म्हणतात, "इथे एक पूल होता," आणि पाणकावळा दाखवतात. पायऱ्या, होड्या, हातमोजे, सगळं तिने जाऊन नव्याने बघून ठेवलंय. लाल होडी दुरुस्त झालीय म्हणे!

मित्रांनो, माझी काच मऊ सुती कापडाने, हळू पुसा, एवढं तर सांगतेच. पण घरात कोणाला कमी दिसत असेल, तर त्याच्या पाठीमागे खाणाखुणा करू नका. शेजारी बसा, आणि आहे ते सांगा. मला वाटतं, काळजी घेणं ते हेच.

मला वाटतं, असं म्हणते, कारण काल संध्याकाळी आजोबा कठड्याशी जरा जास्तच वेळ गप्प बसले होते. सूनबाई मला पुसत होती. भिंगरी तिच्या पदराशी येऊन हळूच म्हणाली, "आई, आजोबांना आधी पूल दिसायचा ना? आपण सांगितलं, म्हणून तो त्यांच्या डोळ्यांतनं पण पडला का गं?"

काचेवर सूनबाईचा हात थांबला.