दिव्याच्या काचेवरचं कुंकू

रागिणीची सुटका अठ्ठेचाळीस तासांवर आली होती. अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेतलं हे तिचं सहावं वर्ष. अमरावतीच्या कॉलेजात नोकरी ठरलेली, पण महिनाअखेर प्रबंध जमा झाला तरच. आणि प्रबंधात अठ्ठेचाळीस तासांचं एक चित्रीकरण कमी होतं.

बशीत म्हशीच्या कातडीच्या जिवंत पेशी, त्यांच्या थरावर ओढलेला एक ओरखडा. पेशी सरकत सरकत तो कसा भरून काढतात, याचा दर दहा मिनिटांनी फोटो. सूक्ष्मदर्शक उलटा: भिंग बशीच्या खाली, दिवा वर. टेबलाला धक्का लागला की फोटो वाया. दोनदा गेलेच होते; एकदा वीज गेली म्हणून, एकदा कुणीतरी टेबलावर जेवणाचा डबा ठेवला म्हणून. तिसऱ्या खेपेला रागिणी खोलीला आतून कडी लावूनच बसली. पुंजाजी शिपाई दार किलकिलं करवून चहा देत. पेशींना निदान ऊबदार पेटी होती, हिला स्टूल.

यंत्राची पाळी तिला मिळाली तीही नेमकी खंडेनवमीला धरून. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून पुजायची, हा विभागप्रमुख शेषराव सरांचा दंडक. एका वर्षी पूजा चुकली आणि फ्रीज जळाला, असं ते सांगत. फ्रीज एकोणीस वर्षांचा होता, हे सांगत नसत.

सर हळदकुंकवाचं ताट घेऊन दाराशी आले. बंद करता येणार नाही, असं रागिणीने आतूनच सांगितलं.

"सगळ्या मशीनी थांबल्या, तुह्याच मशीनले काहून सुट्टी नाही?"

पुंजाजी मागे झेंडूचा हार घेऊन उभे होते. "सर, बाई बाळंतपणात अडली असली तं डॉक्टर औजारं पुजाले थांबते का?"

सर हसले, म्हणजे मानलं. नारळ बाहेर अंगणात फुटला. मग रागिणीने कडी काढली आणि हार यंत्राऐवजी स्टुलाला घातला. "खालचं जपा सर, तिथे भिंग आहे," एवढंच ती म्हणाली. सरांनी खालचं जपलं आणि ओलं कुंकू वर, दिव्याच्या काचेला लावलं.

संगणकाच्या पडद्यावर, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात सावली पडली. पुसायला जावं तर धक्का लागणार. उरलेले एकवीस तास रागिणी त्या डागाकडे बघत बसली. ओरखडा भरला, डाग राहिला.

सरांनी चित्रीकरण पाहिलं आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा म्हणजे यंत्राची पुढची पाळी, तीन आठवड्यांनी, म्हणजे अमरावती गेली. रागिणीने प्रयोगाची वही पुढे सरकवली. त्यात लिहिलं होतं: 'नवमी, सकाळी ११.२०. दिव्याच्या काचेवर कुंकू. लावणारे: विभागप्रमुख. डाग हलला नाही, मोजणी डागाबाहेरची.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे पान परीक्षकाकडे जाते?"

"वही सोबत जातेच, सर."

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. शेवटी म्हणाले, "मोजणी बाहेरची आहे ना? मंग चालते." आणि सही केली.

अमरावतीला निघताना रागिणीने त्या खोलीचं दार इतकं हळू लोटलं, जणू आत अजून कुणी बसलेलं आहे. पुंजाजींनी उघडून पाहिलं. स्टुलावर वाळलेला हार तेवढा होता.