मास्तरणीची रांग

"मागचे पाय तुम्ही धरता आत्या, की मी धरू?" गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"घाई काय आहे? जरा दम खाऊ द्या तिला."

आत्याला वेळ काढायचा होता, हे डॉक्टरांनाही कळत होतं. मास्तरीण उभ्या उभ्या धापा टाकत होती.

मास्तरीण म्हणजे कळपातली सगळ्यात थोरली मेंढी. ती पुढे झाली की बाकीच्या निमूट रांगेत फाटकातून जात, म्हणून आत्यानेच हे नाव ठेवलेलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. मास्तरणीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. भाऊ चिडवायचा, "माझी भाची चार पायांची आहे!"

थंडी पडली तशी ही भाची झडत चालली. खायची, पण अंगी लागत नव्हतं. "ताई, वेगळी ठेव तिला," भाऊ म्हणाला. आत्याने ठेवलीही. पण एकटी पडताच तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही. आत्याचा जीव तुटला. तिने मास्तरणीला पुन्हा शेडमध्ये नेलं, तेही उबेला म्हणून कोकरांच्या मधोमध. वारा लागू नये म्हणून खिडक्यांना पोती ठोकली. आता आत शिरलं की मुताच्या वासाने डोळे चुरचुरत, आणि कोपऱ्यातली दोन कोकरं खोकत होती.

"पाय उचलल्यावर नाकातून पाणी आलं, तर फुफ्फुसाचा तो एकमेकींना लागणारा आजार. त्याला औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मग इंजेक्शनं देऊन बघू."

शेवटी आत्यानेच पाय धरले. परक्या हाताला मास्तरीण बुजली असती. पाय वर गेले. काहीच झालं नाही. "बघा! उगाच घाबरवता माणसाला," आत्या म्हणाली. तेवढ्यात नाकपुडीतून फेसाळ पाणी ठिबकलं, आणि मग धारच लागली.

आत्याने पाय अलगद टेकवले. बाहीने तिचं नाक पुसलं.

"आणि कोकरं हो?"

"आत्ताच नाही सांगता येणार. आधी ती पोती काढा. हवा खेळू द्या."

"मीच सोडलं तिला त्यांच्यात. एकटी जेवत नव्हती हो!" आत्या रडू लागली. डॉक्टरांनी कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरलं आणि मास्तरणीला बाहेर आणायला सांगितलं.

आत्याने फाटक उघडलं. मास्तरीण बाहेर निघाली, आणि सवयीने अख्खा कळप तिच्यामागे रांगेत लागला. त्यांच्या तोंडावर फाटक लावायला आत्याचा हात उचलेना. ते मागे उभ्या असलेल्या भावाने लावलं.

आत्या एकटी परत आली, तेव्हाही रांग तशीच उभी होती. ती रांगेला वळसा घालून गेली आणि तिने खिडकीचं पहिलं पोतं ओढून काढलं.